आपल्या वाडीत कुणाला होत नाय

कुडपण, वरची वाडी
८ नोव्हेंबर २०२५

रामजी,

लहान दिराला पत्र लिहिताना वर 'चिरंजीव' आणि 'आशीर्वाद' लिहायचं असतं, एवढं मी सातवीपर्यंतच्या शाळेत शिकले हाय. चिरंजीव तर तू हायसच. आशीर्वाद मात्र सध्या राखून ठेवलाय. पाच शिमगे झाले, तू घराची पायरी चढला नायस. मग फुकटचा आशीर्वाद कुठला मिळायला?

फोन का केला नाय म्हणशील. एक तर वाडीचा नंबर बघितला की तू उचलत नायस. आणि इथं रेंज येते ती पाण्याच्या टाकीपाशी. तिथून बोलायचं म्हंजे ओरडायचं, आणि मी ओरडले की खालच्या वाडीपर्यंत बातमी पोचते. मला जे सांगायचंय ते तुझ्या दादाच्या कानावर जाता कामा नये. म्हणून हा कागद. जीपवाल्याकडे दिलाय, तो पोलादपूरला पेटीत टाकंल. टाकला नाय तर त्याची खैर नाय, तसं त्याला सांगून ठेवलंय.

तर ऐक. ह्यांची कंबर धरलीय.

तू म्हणशील, मग काय झालं, घरात पायाळू बायको हाय. हायच मुळी. आईच्या पोटातून पायाकडून बाहेर आले मी. डोकं पुढं करायची अक्कल तेव्हापासूनच नव्हती, असं तुझे दादा म्हणतात. कुणाला उसण भरली, लचक भरली की माणसं सकाळी अनशापोटी दारात येऊन पालथी पडतात, मी डाव्या पायाचा अंगठा पाठीवरून फिरवते. तुझ्या पाठीवरून तर किती वेळा फिरवलाय, आंब्यावरून पडायचास तेव्हा. कुणाची उसण उतरते, कुणाची नाय. नारळ मात्र सगळ्यांचे येतात.

पण एक माणूस उभ्या जन्मात माझ्या पायाखाली आला नाय. नवऱ्याच्या अंगाला बायकोचा पाय म्हंजे पाप. झोपेत चुकून लागला तरी मी उठून पाया पडायची. ह्यांना उसण भरली की हे अर्धा दिवस मोडून खाली कापडे गावच्या पायाळू म्हातारीकडे उतरायचे. ती म्हातारी मला लग्नकार्यात भेटली की हसायची. घरात औषध आणि गावभर शोध, म्हणायची.

गेल्या महिन्यात नाचणी कापून झाली, त्याच्या दुसऱ्या सकाळी ह्यांनी दार ओढून घेतलं, आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आवडे, लाव गो पाय."

रामजी, मी समजले, ही लचक नव्हे. हा माणूस पापाला भ्यायचा बंद झालाय म्हंजे दुखणं किती असंल बघ. मी पाय लावला, मग वाकून पाया पडले. म्हणाले, उद्यापण लाव. आता रोजचं झालंय, आणि गुण म्हणशील तर तिळाएवढा नाय.

आणखी सांगते, तू घरचाच हायस. रात्री सारखे उठतात. गोठ्यामागं जातात ते लवकर परत येत नायत. उन्हाळी लागलीय म्हणतात, धन्याजिऱ्याचं पाणी पितात. अंगरखा खुंटीवर टांगल्यासारखा दिसतोय अंगावर. सुधीर महाडच्या कंपनीतून सुट्टी काढून आला, दवाखान्यात चला म्हणाला, तर त्याला म्हणाले, तू तुझी ड्युटी सांभाळ. पोटच्या पोराची ही गत, तर माझं कोण ऐकतंय.

ऐकलं तर तुझंच ऐकतील. आता तुझं नाव काढत नायत, पण पूर्वी कुठली म्हैस घ्यायची तेसुद्धा तुला विचारून घ्यायचे. त्या शिमग्याला जे झालं ते झालं. पालखी खांद्यावर घ्यायचा मान आपल्या घराचा, पाळी तुझी, आणि तू हाताची घडी घालून बाजूला उभा राहिलास. ह्यांनी चारचौघांत म्हटलं, मुंबईच्या खांद्याला देव जड झाला. चुकलं त्यांचं. मी त्यांना तेव्हाच सुनावलं होतं. पण तुझंही चुकलं. तू तोंडातून एक शब्द काढला नायस, पिशवी उचललीस आणि वीर स्टेशनावर जाऊन मुंबईची गाडी धरलीस.

आता कंबरेपुढं भांडण बारीक झालंय. ये, आणि ह्यांना दवाखान्यात ने.

आवडीवैनी

कुडपण, वरची वाडी
२३ नोव्हेंबर २०२५

रामजी,

तुझं उत्तर नाय, पण तुझी पोरगी आली. आमच्याकडं राहिली, हे तिनं तुला सांगितलं नसंल तर तिला रागावू नको. माझ्या हातची भाकरी खाल्ली, म्हशीला भ्याली, आणि निघताना रडली. सेजल हुबेहूब आपल्या सासूबाईंवर गेलीय. हनुवटी तीच.

तिच्या कॉलेजचं काम घेऊन आली होती. पोलादपूर तालुक्यात गावोगाव फिरून विचारायचं, माणसं कशानं गेली. मी म्हटलं, पोरी, जित्या माणसांना कुणी विचारत नाय, तू मेलेल्यांची चौकशी करतेस होय? ती हसली. म्हणाली, काकी, मेलेल्यांचं नीट कळलं तरच जित्यांचं काय करायचं ते कळतं.

देवळात बायकांना घेऊन बसली. एकेका घरातला माणूस घेऊन विचारायची. शेवटी काय दुखत होतं, किती दिवस अंथरुणात होते, रात्री उठायचे का, लघवीला त्रास होता का. पहिल्यांदा बायका पदर तोंडाला लावून एकमेकींकडं बघायला लागल्या. मग गीताबाईनं सुरुवात केली. तिच्या नवऱ्याला तू ओळखतोस, तुझ्याबरोबर कबड्डी खेळायचा. कंबर धरली, मी पाय लावला, मग पाय लुळे पडले, चार महिने खाटेवर, आणि गेला. पंचायतीच्या दाखल्यावर काय लिहिलंय, तर म्हातारपण. रामजी, बासष्टाव्या वर्षी माणूस म्हातारपणानं मेला, आणि त्याची आई अजून जित्ती हाय, रोज शेळ्या सोडते.

गीताबाई बोलली तशा बाकीच्या बोलल्या. खालच्या वाडीचे दोघं, माचीवरचा एक, माझ्या माहेरचा चुलता. सगळ्यांची आधी कंबर. सगळे माझ्या दारात पालथे पडून गेलेले. मी तिथं बसल्या बसल्या बोटांवर मोजत गेले. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या पायाला गुण उरला नाय, वय झालं. बरं, ती माणसं तरी काय करणार? कंबर दुखली की इथला माणूस पहिल्यांदा पायाळूकडं येतो. डॉक्टरकडं जायचं ते ताप आला तर, नाय तर साप चावला तर.

संध्याकाळी सेजलनं मला मोबाइलवर नकाशा दाखवला. पुरुषांना मुताच्या पिशवीखाली एक गाठ असते म्हणे, सगळ्यांनाच असते, तिला कॅन्सर होतो. तो कुठं किती माणसांत सापडलाय त्याचा तो नकाशा. जास्त तिथं गडद रंग, कमी तिथं फिका. मुंबई गडद, पुणं गडद. आपला डोंगर जवळजवळ पांढरा. मला बरं वाटलं. म्हटलं, बघ, आपल्याकडं हवा चांगली, नाचणी खातो, डोंगर चढतो, आपल्या वाडीत हे होत नाय.

पोरगी म्हणाली, "काकी, पांढरा म्हंजे होत नाय असं नाय. पांढरा म्हंजे कुणी विचारलंच नाय."

मग तिनं मला समजावलं. मुंबईत हा आजार दरवर्षी जास्त जास्त माणसांत सापडतोय, कारण लोक तपासतात. सापडतो तो लवकर, म्हणून त्यातले पुष्कळ जण बरे होऊन घरी भाजी आणतायत. आपल्याकडं सापडत नाय, म्हणून कागदावर आजार नाय. सापडतो तेव्हा हाडात गेलेला असतो, आणि दाखल्यावर म्हातारपण. आता मला सांग, शहरात रोगी जास्त आणि मरणारे कमी, डोंगरात रोगीच नाय आणि मरतात सगळे. असला हिशेब मी कुठं ऐकला नव्हता.

मग तिनं ह्यांच्याबद्दल विचारलं. मी तुला लिहिलं तेच सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, काकांचं रक्त तपासा, थांबू नका. घरात एका भावाला असंल तर दुसऱ्याला भीती जास्त असते.

मी विचारलं, कुठल्या भावाला हाय गो?

ती खाली बघायला लागली. शेणानं सारवलेल्या जमिनीत तिला काय दिसत होतं देव जाणे. मी परत विचारलं नाय. पोरीच्या तोंडून काढून घ्यायची गोष्ट नव्हे ती, तिला तुझी शपथ असणार.

म्हणून तुलाच विचारते. रामजी, तुला झालाय का रे?

आवडीवैनी

कुडपण, वरची वाडी
१० डिसेंबर २०२५

रामजी,

तुझं पत्र पोचलं. जीपवाल्यानं आणून दिलं तेव्हा हे अंगणात होते, मी कुणाचं तरी लग्नाचं आमंत्रण म्हणून पदराखाली घातलं. गोठ्यात जाऊन वाचलं. वाचून झाल्यावर म्हशीच्या गळ्यात पडून रडले. ती बिचारी रवंथ करायची थांबली.

कंपनीतल्या तपासणीत सापडलं, पंचावन्नाव्या वर्षी. काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. डिसेंबरात ऑपरेशन झालं आणि मार्चात तू शिमग्याला आलास. लघवी आवरत नव्हती, आत लंगोटासारखं बांधून आला होतास, वजन उचलायला बंदी होती. हे सगळं मी तुझ्या अक्षरात वाचलं, आणि तो दिवस मला परत दिसला. तू लिहितोस, वैनी, वजनाचं मी कसंही निभावलं असतं, पण तसल्या अंगानं देवाला खांदा कसा लावू, देवाला विटाळ झाला असता.

अरे वेड्या. तरी आलास ना तू, न येता राहवलं नाय ना तुला. आणि आम्ही तुला काय दिलं, तर चारचौघांत टोमणा.

देवाचं मला कळत नाय, पण माझं सांगते. जिचा जन्म गोठ्यात गेला तिला तू मुताची लाज सांगतोस? मी ह्या घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास आणि अंथरूण ओलं करायचास. आईचा मार बसू नये म्हणून मी पहाटे उठून तुझी गोधडी ओढ्यावर धुऊन आणायची. कुणाला कळलं कधी? मग तेव्हा सांगायला काय झालं होतं? एकदा म्हणायचं होतंस, वैनी, असं असं झालंय.

माझा राग एकाच गोष्टीचा हाय, तो लिहून टाकते, मनात ठेवला तर कुजेल. तुझ्या डॉक्टरनं तुला तेव्हाच सांगितलं होतं, सख्ख्या भावाला तपासायला सांगा. तू सांगितलं नायस. लाज वाटली, मग भांडण झालं, मग पुढं ढकलत गेलास, हे मला सगळं समजतं. पण राग हाय. तू आत्ता समोर असतास तर एक थोबाडीत दिली असती आणि मग जेवायला वाढलं असतं.

आता इकडचं. ह्यांना महाडला नेलं. कसं नेलं? माझे गुडघे दाखवायचेत, एकटीला एसटीत चढता येत नाय, असं सांगून. माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाय, पण पोलादपूर स्टँडवर मी अशी लंगडले की कंडक्टरनं उठून जागा दिली. हे म्हणाले, एवढं दुखतंय तर आधी का बोलली नायस? मला हसू आलं आणि रडूही आलं.

दवाखान्यात मी डॉक्टरला आधीच आत जाऊन सांगितलं होतं. त्यानं ह्यांना म्हटलं, काका, आलायच तर तुमचं पण बघू, अशक्तपणा दिसतोय. रक्त दिलं मुकाट्यानं. पण मग पडद्यामागं बोलावून डॉक्टर म्हणाला, पायजमा सोडा, बोटानं तपासायचंय. रामजी, तुझे दादा पडद्यामागून जे निघाले ते थेट रस्त्यावर. मी मागं धावले, गुडघ्यांचं सोंग विसरून.

रिपोर्ट सुधीरनं आणला आणि मला घेऊन परत डॉक्टरकडं गेला. रक्तात चारच्या आत हवा तो आकडा तीन आकडी आलाय. डॉक्टर म्हणाला, हाडात उतरला असणार, मुंबईला नेऊन स्कॅन करा. मी विचारलं, बरे होतील का? म्हणाला, आजी, बरे होतील असं मी म्हणणार नाय. ताब्यात ठेवता येईल. इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत, दुखणं कमी होईल, काही वर्षंही मिळतील. पण आता वेळ घालवला तर पाय जातील.

मला ताबा चालेल. त्या माणसाला पन्नास वर्षं मीच ताब्यात ठेवलाय, तर त्याच्या आजाराला का नाय ठेवणार?

पण हे ऐकायला तयार नायत. मी आणि सुधीरनं मिळून सांगितलं, नाव घेऊन सांगितलं, लपवलं काही नाय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्या वाडीत हा कुणाला होत नाय. बसून खाणाऱ्यांचा रोग हाय तो. आपल्या रक्तात नाय." आणि उठून गवताचा भारा आणायला गेले. निम्म्या वाटेवर भारा टाकून बसले होते, गीताबाईच्या सुनेनं बघितलं.

गीताबाईच्या नवऱ्याचं सांगितलं, तर म्हणाले, तो म्हातारपणानं गेला, दाखला बघ. दाखल्यापुढं बायकोचं काय चालतंय? आणि आता सकाळी पायसुद्धा लावून घेत नायत. दुखणं मान्य केल्यासारखं होईल ना.

रक्तात नाय, हे एकच धरून बसलेत. आणि ते खोटं हाय, हे मुंबईत भाजी आणायला जाणाऱ्या एका माणसाला ठाऊक हाय.

तू लिहिलंयस, वैनी, दादाला माझं कळू देऊ नको, तुला माझी शपथ. मी शपथ मोडणार नाय. एकदा वाटलं मोडावी.  पण मी सांगितलं तर ते म्हणतील, हे मुंबईला न्यायला रचलंय. आणि खरं मानलं, तर म्हणतील, बायकोला सांगितलं, मला नाय. तुझी लाज तुझी हाय, ती उघडी करायची तर तूच. मी तुला भाग पाडत नाय. पण तुझी शपथ आता त्यांच्या जिवावर बसलीय, एवढं ध्यानात घे.

ये रे बाबा. माधुरीला म्हणावं, चार दिवस नवरा दे.

आशीर्वाद आता घे. सगळे घे.

आवडीवैनी

कुडपण, वरची वाडी
२२ डिसेंबर २०२५

रामजी,

तू काल आलास आणि आज सकाळच्या जीपनं गेलास. आत्ता दुपार झालीय. तुला अजून वीरला गाडी मिळाली असंल नसंल, आणि मी लिहायला बसले. तुझ्या मागं इथं काय झालं ते तुला माहीत नाय, आणि ते कळायच्या आत तू मुंबईत जाऊन काही भलतंच मनाला लावून घेशील.

काल तुम्ही दोघं खळ्यात जाऊन बसलात, तेव्हा मी दारातून बघत होते. ऐकू काही येत नव्हतं. मला फक्त तुझे हात दिसत होते, आणि ह्यांची पाठ. तू बोलत होतास, ते पेंढ्याच्या काड्या मोडत होते. मग तू उठून आलास, डोळे लाल, पाणी मागितलंस. म्हणालास, वैनी, सगळं सांगितलं, लंगोट बांधून आलो होतो तेसुद्धा सांगितलं, पण दादा एक शब्द बोलला नाय.  जेवताना तुझ्या ताटात मात्र माशाचा मोठा तुकडा स्वतः उचलून ठेवला, ते तू बघितलं नायस, तू खाली मान घालून बसला होतास.

सकाळी जीपमध्ये बसताना तू म्हणालास, वैनी, मी उशीर केला, आता तो यायचा नाय. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

आता पुढचं ऐक. जीप वळणाआड गेली तरी हे अंगणातच उभे. मी म्हटलं, आत या, वारा लागतोय. आत आले, चुलीपाशी बसले आणि रडायला लागले. रामजी, सासूबाई गेल्या तेव्हा हा माणूस रडला नव्हता, सगळ्यांना सावरत फिरत होता. आज लहान पोरासारखे हुंदके देत होते. मी घाबरले. मला वाटलं, आजाराचं आता कुठं आत शिरलं, मरणाची भीती वाटली. मी जवळ बसले आणि म्हटलं, इंजेक्शनं हायेत, डॉक्टर म्हणाला ना, ताब्यात राहतं.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. म्हणाले, "पोरगं पाच वर्षं एकटं होतं गो. ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर कोण होतं त्याच्या? आणि मी इथं बसून त्याला शिव्या घालत होतो."

मी सांगितलं, माधुरी होती, सेजल होती. ते म्हणाले, तसं नव्हे, आपलं कोण होतं. मग विचारायला लागले, त्याला आता दुखतं का, तो जेवतो का नीट, अजून ते बांधावं लागतं का, परत उलटलं तर? मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. स्वतःचा आकडा किती आला, तो त्यांनी अजूनपर्यंत विचारलेला नाय. मीच चिडून म्हटलं, अहो, त्याचा आजार गेला, तुमचा हाय, तुमचं बोला. तर हात झटकला, माझं काय मेलं.

मग चुलीतली लाकडं पुढं सारत बसले. मी तांदूळ निवडत होते. एकदम म्हणाले, "उद्या मुंबईला निघतो. सुधीरला निरोप दे."

मी म्हटलं, दवाखान्यात जायचं ना? मला पक्कं करून घ्यायचं होतं, नाय तर वीरला पोचून चहा पिऊन परत यायचे.

म्हणाले, "एवढं पोटातलं काढून बोललं पोरगं. मी नाय गेलो तर त्याला वाटंल, फुकट बोललो."

एवढंच. उठले, पेटीतलं पांढरं धोतर काढलं, ऊन दाखवून पिशवीत भरलं. आता ओट्यावर बसलेत. गीताबाईचा भाचा कंबर धरून माझ्याकडं आला होता, त्याला मी पाय लावायच्या आधी ह्यांनीच हाक मारून बसवलं आणि विचारलं, रात्री उठतोस का रे? तो लाजला. हे म्हणाले, लाजतोस काय, मी पण उठतो, माझा भाऊ पण उठायचा, उद्या महाडला जाऊन रक्त दे. मी आतून ऐकत होते. पदर तोंडात धरला मी, हसू बाहेर पडू नये म्हणून.

मी येत नाय. म्हशी कोण बघणार, आणि मी आले तर ते माझ्यामागं लपतील. सुधीर घेऊन येईल. इंजेक्शन दिलं की मला टाकीपाशी फोन कर, ओरडून सांगितलंस तरी चालंल, आता वाडीपासून लपवायचं काही राहिलेलं नाय.

हे पत्र त्यांच्याच पिशवीत घालतेय, धोतराखाली. तुझ्या दारात आले की स्वतःबद्दल चकार शब्द काढणार नायत. आधी तुझी चौकशी करतील, तुला आपादमस्तक बघतील, कदाचित शर्ट वर करून शिवण दाखव म्हणतील. दाखव. मुकाट्यानं सगळं दाखव आणि सगळं सांग. त्यांच्या मनानं ते मुंबईला तुलाच बघायला निघालेत. तसंच राहू दे, आणि हात धरून दवाखान्यात ने.

आवडीवैनी